तिसऱ्या भोकावरची घंटा

फार जुन्या काळची गोष्ट आहे. एका डोंगरावर तळं होतं आणि तळ्यापासून खाली दगडी झाकणांचा बंद पाट आलेला होता. रोज पहाटे तळ्याची मोरी, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडायची आणि पाटाची निगा राखायची, हे सटवाजी पाटकऱ्याचं काम. पाट गावाला पाणी देऊन पुढे धाकट्या वस्तीपर्यंत जाई आणि तिथे संपे.

एका वर्षी धाकट्या वस्तीला पाणी पोचेना. तळं तुडुंब, वस्तीला मात्र हंडाभर. वस्तीवरची म्हातारी भागाक्का सटवाजीला म्हणाली, "अण्णा, गुरं विकून टाकू एक वेळ. पण मग इथं राहायचं तरी कशाला?" सटवाजी त्याच दिवशी कामाला लागला.

पाणी कुठे मुरतंय, हे बंद पाटात दिसणार कसं? सटवाजीने चार ठिकाणी झाकणांना भोकं पाडली. प्रत्येक भोकातून पाण्यात एक फळी सोडली, फळीला दोरी आणि दोरीला घंटा बांधली. पाण्याचा लोट आला की फळी हले आणि घंटा वाजे. तीन घंटा वाजल्या, चौथी मुकीच राहिली. तिसऱ्या घंटेच्या पुढची जमीन खचली होती. आता पाट तिसऱ्या घंटेच्या अलीकडूनच वळवायला हवा होता.

नवे दगड घडवायला चार महिने लागले. तेवढ्या काळात घंटा काढून ठेवाव्यात, हे काही सटवाजीला सुचलं नाही.

तिसरी घंटा गावाच्या अगदी डोक्यावर होती. पहाटे पाणी सुटून ती वाजली की बाया धारा काढायला बसू लागल्या, कुंभार माती मळायला घेऊ लागला, गुरवाची पूजासुद्धा तिच्यावरच सुरू होऊ लागली. कुणीतरी तिला हळदकुंकू वाहिलं. पुढच्या आठवड्यात नारळ फुटला. सटवाजीला मनातून बरंच वाटत होतं. आपल्या हातच्या वस्तूचं कौतुक कुणाला नको असतं?

पाट वळवायचा दिवस आला, तसं गाव गोळा झालं. घंटा बंद पडली तर आमचा दिवस सुरू कसा व्हायचा, असं जो तो विचारू लागला. माणसं वाईट नव्हती. धाकट्या वस्तीची त्यांनाही कणव होती, पण घंटा अंगवळणी पडली होती. पाट हवा तिथून ने, घंटा मात्र वाजली पाहिजे, असा पाटलांनी निवाडा दिला.

"पाटील, ती नुसती तपासायला बांधली होती," सटवाजी म्हणाला.

"हे बांधताना सांगितलं होतंस का?"

सटवाजीने निवाडा मानला. त्याने खरोखरच सांगितलं नव्हतं.

पाट वळला. वस्तीला पाणी पोचलं आणि भागाक्काची गुरं दावणीलाच राहिली. नव्या पाटालाही सटवाजीने भोकं ठेवली, पण घंटा एकही बांधली नाही. नुसत्या चपट्या दगडांनी ती झाकली आणि चावडीवर स्वतः जाऊन सांगितलं, की ज्याला पाण्याचा तपास करायचा त्याने आपली घंटा आणावी आणि काम झालं की घेऊन जावी. भोक उद्या त्याच जागी असेल, असा भरवसा कुणी धरू नये. पुढे दोनदा पाट हलवावा लागला, तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही.

जुन्या तिसऱ्या घंटेखाली मात्र आता कोरडे दगड होते. सटवाजी रोज मोरी उघडून तिथवर येई आणि हाताने दोरी ओढी. पावसात, तापात, सणावारी, एका दिवसाचाही खाडा नाही. अशी अकरा वर्षं गेली आणि त्याचे गुडघे गेले. तेव्हा धाकट्या वस्तीने पाळ्या लावून घेतल्या. पहिल्या पाळीला भागाक्का काठी टेकत वर आली.

"तुम्ही बसा, अण्णा," ती दोरी हातात घेत म्हणाली. "चूक तुमची खरी, पण झाली ती आमच्या पाण्यापायी."

तात्पर्य: तपासापुरती केलेली सोय तपासापुरतीच आहे, हे पहिल्याच दिवशी सांगावं, न सांगितलं तर लोक तिला वचन समजतात आणि ते जन्मभर पाळावं लागतं.