काढलेली तार

“तार काढली तरी पुढं का येत नाहीत? कुणीतरी या जनावरांची अक्कलच मारून टाकलीय, मावशी. पार भित्रं करून ठेवलंय त्यांना!”

रणधीर अंगणातल्या दगडावर मटकन बसला. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात मोडलेली काठी.

तिम्मव्वा दारात बसून पाटीत कोंडा कालवत होती. वडारवस्तीतली सत्तरीची बाई. तिच्याइतकं डुक्कर कळणारं माणूस पंचक्रोशीत नव्हतं. शेतकी कॉलेजची पदवी घेऊन आलेला रणधीर तिला चारचौघांत गुरू म्हणायचा, वाकून पाया पडायचा. चार महिने झाले, रोज तिच्याकडे शिकायला येत होता.

“काय झालं ते सांग,” ती म्हणाली.

सांगण्यासारखं फार नव्हतं. घरच्या दोन एकरांचे त्याने तुकडे पाडले होते. एका तुकड्यात डुकरं चरायची, त्यांच्या मागून कोंबड्या. डुकरांभोवती विजेच्या झटक्याची तार. आता त्यांच्या तुकड्याचा नुसता राडा झाला होता, आणि थोरली डुकरीण दोन दिवसांत व्यायची होती. मागच्या खेपेला अशाच चिखलात तिची चार पिल्लं गारठून मेली होती...

म्हणून आज सकाळीच त्याने मधली तार काढली. पलीकडे गुडघाभर हिरवं, कोरडं रान.

नऊच्या नऊ डुकरं तार होती तिथवर आली, आणि थांबली.

“कोंबड्या खुशाल इकडून तिकडं उड्या मारताहेत. आणि ही? मका टाकला, हाका मारल्या, कान धरून ओढलं. एक पाऊल नाही!”

“आन् काठी?”

रणधीरने मान खाली घातली.

“थोरलीच्याच पाठीत मोडली.”

तिम्मव्वाचा कोंड्यातला हात थांबला.

“गाभण जनावर हाय ते.”

“कळतं मला. पण थकलो, मावशी. सकाळचा डबा तसाच पडलाय. वाटतं, उद्या सगळी विकून टाकावीत आणि मोकळं व्हावं.”

हात झटकून तिने पाटी बाजूला सारली.

“तार कुणी लावली हुती?”

“मीच.”

“झटकं किती दिस बसलं?”

“चार-पाच दिवस. मग ती जवळच जाईनात.”

“मग अक्कल कुणी मारली म्हणालास?”

“बरं, चुकलं माझं. उपाय सांगा.”

“तार हुती त्या जागी जाऊन बस.”

“किती वेळ?”

“ती येईस्तवर.”

“अहो, दोन दिवस उरलेत फक्त! एवढा वेळ कुठून आणू?”

“झटकं द्यायला पाच दिस हुतं की तुज्याकडं.”

आत चुलीपाशी तिची सून रेणुका फिस्सकन हसली. रणधीरच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

“डुकरांचं ठीक आहे, मावशी. ती मुकी जनावरं. माणसांचं काय? डुकरं आणली त्या दिवसापासून माझ्या वडलांनी शेताचा बांध ओलांडलेला नाही. बांधावर डबा ठेवतात आणि पाठ फिरवतात. भावकी तर त्या वाटेनंसुद्धा जात नाही. कुणी अडवलंय त्यांना? काय आहे तिथं? काही नाही! नसलेल्या रेषेपुढं थांबणाऱ्या माणसांची मला शिसारी येते.”

तिम्मव्वाने त्याच्याकडे पाहिलं.

मग गुडघ्यावर हात टेकून ती उठली आणि घरात गेली.

“ये,” आतून आवाज आला.

“असू द्या, मावशी. पाय बघा कसे भरलेत.”

ती पाण्याची कळशी घेऊन बाहेर आली. उंबऱ्यावर ठेवली आणि पुन्हा आत गेली.

रणधीरने पाय धुतले. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. नखांतला चिखलसुद्धा काडीने काढला. कळशी रिकामी झाली.

“झालं का?”

“हो... आलोच.”

तो उंबऱ्यापाशी आला. दार सताड उघडं होतं. आत सारवलेली जमीन, दोरीवरची लुगडी, कोपऱ्यात पाथरवटाची जुनी छिन्नी. भिंतीकडेला तिम्मव्वाने त्याच्यासाठी घोंगडी अंथरली होती आणि ती शेजारी वाट पाहत बसली होती.

“ये की.”

“हो.”

पायांवरचं पाणी वाळत आलं.

रेणुका चहाचे दोन कप घेऊन चुलीपासून उठली. एक तिने सासूपुढे ठेवला, दुसरा घेऊन दाराशी आली आणि उंबऱ्याच्या आत थांबली.

“दादा, तुमचा बाहेरच देऊ ना? रोजच्यासारखा?”