विस्तव गिळणारे शिकरे

त्या मुलखात पाच हिवाळे युद्ध चालले होते आणि मरण्यासाठी पक्षी कमी पडू लागले होते.

तेव्हा तांबट पक्ष्याने गरुडराजाला नवी विद्या दाखवली. त्याने एका शिकऱ्याचे पंख मागे वळवून बांधले आणि त्याला धगधगता विस्तव गिळायला दिला. शिकरा पंख न हलवता सुटला. दरबाराने मान वर करेपर्यंत तो टेकडीपलीकडे गेला होता. पंचवीस भराऱ्यांत हा विस्तव छाती जाळून टाकतो, हे तांबट हळूच बोलला. जयजयकारात ते कुणाला ऐकूच गेले नाही. झुंजीसाठी घडवलेल्या या शिकऱ्यांच्या पायांत राजाने आधी दगड दिले. "शत्रूच्या घरट्यांवर टाका," तो म्हणाला. राजाच्या या हट्टापायी कितीतरी महिने वाया गेले.

रायाजी कोतवाल हा काळा, दुभंगल्या शेपटीचा साधा पक्षी. माळावर उतरणाऱ्या शिकऱ्यांना राखण्याचे काम त्याचे होते. वर ज्यांना कुणी गाठू शकत नसे, ते शिकरे विस्तव मंद करून माळाकडे येऊ लागले की दुबळे होत. हे ओळखून शत्रूच्या घारी माळाच्या कडेच्या बाभळींवर नुसत्या वाट पाहत बसत.

सुभान नावाच्या शिकऱ्यावर रायाजीचा जीव होता. "रायाजी, वर असलो की मी कुणाच्या बापाचा नसतो," सुभान म्हणे, "पण खाली येताना मात्र तुझाच असतो, बाबा."

तेविसाव्या भरारीहून तो परतला तेव्हा त्याच्या छातीला तडा गेला होता. तीन घारी झेपावल्या. रायाजी एकीला भिडला आणि उरलेल्या दोघींनी सुभानला फाडले. माळावर त्याच्या छातीतून विस्तव घरंगळला. त्याला चिमणीचे एक इवलेसे, करपलेले पीस चिकटलेले होते.

ते पीस कुठून आले, हे पाहायला रायाजी विस्तव जिथे बने त्या तांबटाच्या डोंगरातल्या पोकळीत गेला. आत धरून आणलेल्या चिमण्या निखारे फुंकत होत्या. त्यांच्या चोची कोळसा झाल्या होत्या. पडेल तिला शेजारची पायाने बाजूला सारी आणि पुन्हा फुंकू लागे.

"तांबटदादा, या कोण?"

"फुंकणाऱ्या," तांबट मान वर न करता म्हणाला. "एक संपली की दुसरी येते. तू दारात उभा राहू नकोस, वारा अडतो."

रायाजी बाहेर पडला तो रात्रभर माळाकडे फिरकला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तो पुन्हा बाभळींसमोर आपल्या जागी जाऊन बसला. त्या दिवसापासून त्याला स्वतःच्याच पिसांची घाण येऊ लागली.

गरुडराजा हरला. समुद्राकडून घारींचे धनी बगळे आले, बर्फाकडून त्यांचे सोबती क्रौंच आले. रायाजी धावतच बगळ्यांच्या म्होरक्यासमोर गेला.

"महाराज, डोंगरात चिमण्या मारल्या गेल्यात. मारणाराही आतच बसलाय."

पांढऱ्याशुभ्र बगळ्याने दुःखाने डोळे मिटले. "दाखव," तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी रायाजीला श्वास मोकळा झाल्यासारखे वाटले.

बगळा आत शिरला. मेलेल्या चिमण्यांवरून त्याने एकेक पाय जपून टाकला, पिसांना राख लागू नये म्हणून. तांबटासमोर थांबून त्याने मान तिरकी केली.

"पंख नेमके किती मागे वळवायचे?" त्याने विचारले.

त्या संध्याकाळी तांबटाच्या अंगावरची काजळी बगळ्यांनी स्वतः धुतली. त्याचे निम्मे शिष्य क्रौंचांनी आधीच उचलले होते. पाहुण्यांच्या पायांना लागू नयेत म्हणून चिमण्यांवर माती लोटण्यात आली. रायाजी तिथून उडाला तो त्या मुलखाचे तोंड पुन्हा पाहायचे नाही, असे ठरवूनच.

पुढे पाच वर्षांनी तो बदकांच्या देशात, भातखाचरांत राहत होता. तिथे उत्तरेची बदके आणि दक्षिणेची बदके भांडली. एकांच्या मदतीला क्रौंच आले, दुसऱ्यांच्या मदतीला बगळे. आकाशात पंख न हलवणाऱ्या शिकऱ्यांचे दोन थवे एकमेकांवर तुटून पडले आणि खाली गावेच्या गावे जळाली.

एके दुपारी दोन शिकरे एकाच खाचरात कोसळले, ते नेमके एका बदकिणीच्या घरट्यावर. ती चिखलातून धडपडत आली.

"भाऊ, तुम्ही यांच्यात राहिलात म्हणे. यातला आमच्या बाजूने लढत होता, तो कोणता?"

रायाजीने दोघांना निरखून पाहिले. पंखांचे तेच वळण, छातीला तसाच तडा.

"नाही ओळखता येत, बाई."

तेवढ्यात एका बांधावरून क्रौंच आला, दुसऱ्या बांधावरून बगळा. त्यांनी एकमेकांकडे पाहिले नाही. आपापला शिकरा सोडून क्रौंच बगळ्यांच्या शिकऱ्याकडे गेला, बगळा क्रौंचांच्या. रायाजी किंचाळत बगळ्याच्या डोळ्यांवर झेपावला. बगळ्याने माशी चुकवावी तशी मान जरा बाजूला घेतली आणि आतला विस्तव कसा बसवलाय ते पाहायला चोच उघड्या छातीत घातली.

दोघांच्या चोची एकाच लयीत खाली-वर होत राहिल्या, आणि बदकीण त्यांच्या पायांखालून आपल्या अंड्यांची टरफले ओढून काढत राहिली.