पिलवाडीतला सूर

एका राज्यात पाणी दरवर्षी थोडे दूर जात असे. रोहित पक्ष्यांची वस्ती मात्र जुन्या जागीच होती, कारण चिखलाची उंच घरटी उचलून नेता येत नाहीत. म्हणून आई आणि बाप आळीपाळीने दूरच्या तळ्यावर जात, पोट भरत आणि परत येऊन गळ्यातले लाल दूध पिल्लाला पाजत. पाजता पाजता त्यांच्या पंखांचा गुलाबी रंग उतरत जाई. त्याबद्दल कुणी कुरकुर करत नसे.

पाणी आणखी मागे सरले तेव्हा एकाच्या फेरीने भागेना. दोघांनाही जावे लागू लागले आणि पिल्ले घरट्यात एकटी राहू लागली. काही उन्हाने गेली, काही घारीने नेली. कुसुंबी नावाच्या आईची पहिली दोन पिल्ले अशीच गेली. तिसरी शेवरी. ती अंड्यातून बाहेर आली तेव्हाच कुसुंबीने ठरवले, की काही झाले तरी हिला एकटी ठेवायची नाही.

वस्तीत बयाक्का नावाची एक म्हातारी रोहित होती. तिला आता लांब उडवत नसे. तिने एका उथळ डबक्याकाठी पिल्लांना गोळा करायला सुरुवात केली आणि वस्ती त्या जागेला पिलवाडी म्हणू लागली. बयाक्का पंख पसरून सावली धरी. तिने शिकवले ते इतकेच, की घार दिसली की ओळीत एकमेकांना चिकटून उभे राहायचे, ओळ मोडायची नाही, आणि भूक लागली म्हणून शेजाऱ्याला टोचायचे नाही. त्या वर्षी घारीला एकही पिल्लू मिळाले नाही. घरट्यात डोके खुपसून बसणारी शेवरी आठवड्याभरात डबक्यात पाय आपटून इतरांच्या अंगावर पाणी उडवू लागली. पिलवाडीचे हे उपकार खरे होते आणि ते विसरून पुढचे सांगणे अन्यायाचे होईल.

संध्याकाळी आईबाप परतत तेव्हा तीनशे पिल्लांच्या घोळक्यात आपले कोणते, हे रंगावरून कळत नसे. सगळी सारखीच राखी. पण हाक प्रत्येकाची वेगळी होती, कुणाची चिरकी, कुणाची घोगरी. शेवरीची हाक उचकी लागावी तशी मध्येच अडखळे आणि मग पुढे जाई. कुसुंबी वरून साद घाली, खालून ती अडखळती हाक येई, आणि कुसुंबी नेमकी तिथे उतरे. दिवसभराचा शीण तेवढ्यानेच जाई.

मग एक दिवस शेजारच्या घरट्यातले पिल्लू मोठ्यांसारखा लांब, गोल सूर काढून दाखवू लागले. वस्तीने त्याचे तोंड भरून कौतुक केले. त्या संध्याकाळी शेवरीची हाक कुसुंबीला पहिल्यांदाच खटकली.

"तिचा आवाज आहे तो," शेवरीचा बाप म्हणाला. "आपल्याला ओळखू येतो. बास की."

"तुम्हाला काही कळत नाही. उद्या थव्यात सगळी हसतील तिला."

दुसऱ्या दिवशी ती बयाक्काकडे गेली. "बयाक्का, शेवरीचं ते अडखळणं तेवढं घालवा. सूर बसवून घ्या तिच्याकडून."

"अगं, अजून अंगावर लव आहे तिच्या. मोठी झाली की बसेल आपोआप."

"आपोआप बसेपर्यंत बाकीची पुढे जातील ना!"

कुसुंबी एकटी नव्हती. तिच्या मागे आणखी आईबाप उभे होते आणि प्रत्येकाला आपल्या पिल्लाच्या आवाजात काहीतरी खुपत होते. शेवटी बयाक्काने पिल्लांना डबक्यातून बाहेर बोलावले. त्या दिवसापासून डबक्यातले पाय आपटणे बंद झाले आणि सूर सुरू झाला.

शेवरी अडखळली की बयाक्का तिला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावी. ती रागावत नसे, टोचत तर नसेच. हळूहळू शेवरी घशातली उचकी गिळायला शिकली. ज्या दिवशी बयाक्काने तिला पुढे बोलावून तिचा सूर सगळ्यांना ऐकवला, त्या दिवशी कुसुंबीने तिला दुप्पट दूध पाजले आणि वस्तीभर सांगत फिरली. कुसुंबीला दोष देणे सोपे आहे. पण दोन पिल्ले गमावलेल्या आईला तिसरी कशातच कमी पडायला नको होती, एवढेच.

त्यानंतर पाणी पुन्हा सरले. या वेळची फेरी पाच दिवसांची झाली. सहाव्या दिवशी कुसुंबी एकटीच पुढे परतली. तिचा जोडीदार अजून मागे होता. तिचे पंख जवळजवळ पांढरे झाले होते आणि गळा दुधाने तटतटला होता. पिलवाडीवर घिरटी घालून तिने साद घातली.

तीनशे चोची एकदम वर झाल्या. तीनशे गळ्यांतून एकच लांब, गोल, बिनचूक सूर आला.

तिने पुन्हा साद घातली. पुन्हा तोच सूर आला. ती खाली उतरली आणि ओळींमधून चालू लागली. सगळी राखी, सगळी ताठ.

"बयाक्का, माझी कुठली?"

बयाक्काची मान खाली गेली. "मीच बसवला गं हा सूर. आता डोळे मिटले की मलाही एकच पिल्लू ऐकू येतं."

कुसुंबीच्या चोचीतून लाल थेंब चिखलात पडू लागले. दूध थांबवून धरता येत नाही. समोरच्या पिल्लाने भुकेने चोच उघडली. कुणाचे कोण जाणे, कुसुंबीने त्याच्या चोचीत चोच घातली आणि डोळे मिटून घेतले.

तिसऱ्या ओळीत शेवरीने आईला पहिल्याच सादेला ओळखले होते. तिच्या घशात उचकी दाटून आली. ती तिने नीट गिळली, सूर बरोबर लावला, आणि ओळ न मोडता एका पायावर उभी राहून ती आईच्या हलणाऱ्या गळ्याकडे बघत राहिली.