साळुंकीची फांदी

एके काळी समुद्रापलीकडच्या एका रानाची मोठी ख्याती होती. तिथं कुणीही यावं आणि मान ताठ ठेवून जगावं, असं म्हणत. ते ऐकून केशर साळुंकी पंख दुखेस्तोवर उडत तिथं पोचली. दाणे मुबलक होते. वर्षभरात ती चांगली गुबगुबीत झाली.

एकदा पाखरांची सभा भरली. केशर बोलायला वरच्या फांदीवर बसली, तोच मोर खेकसला, "खाली उतर! बाहेरच्यांनी वर बसायचं नाही. पोटभर मिळतंय ना?"

केशर संतापली. "पोट पिंजऱ्यातल्या पोपटाचंही भरतं, मोरोबा! तेवढ्यासाठी मी समुद्र ओलांडला नाही."

मोराने चोच मारून तिचं पीस उपटलं, तरी ती हलली नाही. तेव्हा खाली दाणे टिपणारी बाहेरची पाखरं एकेक करून तिच्या शेजारी येऊन बसली.

मोर ओरडतच राहिला.