सुभानचा पहारा

एका राज्यात कोणालाच झोप येत नसे. राजा जागा, रंक जागा, पाळण्यातले मूल जागे. डोळे लाल, पाय जड. बायका चुलीपुढे बसून रडत आणि का रडतो तेच विसरून जात. कारण असे, की मागे एक म्हातारा राजा लढाईला निघाला, तेव्हा डोंगरावरच्या खजिन्याच्या पहारेकऱ्यांना म्हणाला, "मी परत येईपर्यंत कोणी डोळा मिटायचा नाही." शेजारी मांत्रिक उभा होता. त्याने त्या शब्दाला गाठ मारली. राजा परतलाच नाही. पहारेकरी उभ्या उभ्या मेले, आणि मेल्यावरही उभेच राहिले. ते जागे, म्हणून सारे राज्य जागे.

त्या राज्यात सुभान आणि निंबा असे दोघे भाऊ होते. थोरला सुभान तलवारीचा. धाकटा निंबा देवळातला, सप्ताहात वीणा घेऊन उभा राहणारा. तिथली रीत अशी, की सप्ताह बसला की वीणा जमिनीला टेकवायची नाही. एकाचा पहर सरला की दुसऱ्याने यावे, त्याच्या पाया पडावे आणि वीणा आपल्या गळ्यात घ्यावी. निंबाने कधी मुंगीही मारली नव्हती. पण डोके तापट. आधी पाऊल, मग विचार.

सुभान शाप मोडायला डोंगरावर गेला आणि त्याचे शरीर खाली आले. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला. कावळा शिवेना.

"तुझ्या लेकीला सांभाळू," चुलता म्हणाला. शिवेना.

"तुमची कपिला गाय विकणार नाही," वहिनी म्हणाली. शिवेना.

"दादा, मी सूड घेईन!" निंबा ओरडला.

तेव्हा कावळा मान वाकडी करून बोलला, "सूड कोणाचा घेतोस, वेड्या? तिथे जो मरतो तो पहाऱ्याला लागतो. देह खाली आला, तरी तुझा भाऊ वर अजून उभा आहे. उभ्या माणसाच्या पिंडाला मी कसा शिवू?"

निंबा ओल्या धोतरानिशी तसाच निघाला.

डोंगराच्या पायथ्याशी वेशमंडप होता. राजाज्ञा अशी, की वेश घेतल्यावाचून कोणी वर चढायचे नाही. आवडाक्का नावाची म्हातारी तिथे वेश वाटत असे.

"वीर, मांत्रिक की वैद्य?" तिने जांभई देत विचारले.

"मी देवळातला माणूस."

"देवळातल्यांना वेश नाही. ते खाली थांबून नारळ फोडतात. लवकर बोल बाबा, पाय दुखतात माझे."

निंबाने समोर दिसली ती तलवार उचलली आणि डोंगर चढला. मेलेल्या पहारेकऱ्यांनी भाले रोखले. त्यांत सुभानचाही भाला होता. निंबाचा हात उठला तो तिथेच राहिला.

"झालं युद्ध?" तो खाली येताच आक्काने विचारले.

"समोर दादा होता."

मग त्याने मांत्रिकाचा वेश घेतला आणि वर जाऊन भस्म फेकले. पहारेकरी जखडले, त्यांची मेलेली तोंडे किंचाळू लागली. निंबाने धावत जाऊन आपल्या उपरण्याने भावाच्या कपाळावरचे भस्म पुसले आणि माघारी आला.

मग वैद्याची झोळी. त्याने भावाच्या ओठांवर रस पिळला. रस हनुवटीवरून ओघळला.

"मेलेल्याला कसलं औषध, निंबा?" सुभान पहिल्यांदाच बोलला. "पाय दुखतात, एवढंच."

निंबा मंडपात येऊन मटकन बसला. "पाय दुखतात म्हणाला, आक्का."

"मग बसायचं की जरा."

"बसेल कसा? त्याच्या जागी कोणी आलंच नाही ना!"

बोलला आणि ताडकन उठला. देवळात गेला, वीणा घेऊन आला.

"हा कुठला वेश?" आक्का म्हणाली. "माझ्याकडे असला नाही."

"म्हणून तर देवळातून आणला."

वर पुन्हा भाले रोखले गेले. निंबा त्यांच्याखालून वाकून गेला आणि सर्वांत जुन्या पहारेकऱ्याच्या पाया पडला. "बाबा, तुमचा पहर सरला. पहारा मला द्या."

पहारेकरी त्याच्याकडे बघतच राहिला. मग त्याने भाला खाली ठेवला, आडवा झाला आणि मातीत मिसळला. तसाच दुसरा, तसाच तिसरा, तसे सगळे. शेवटी सुभान उरला.

"मी नाही देणार," सुभान म्हणाला. "तुझ्या जागी मग कोण येईल?"

"वीणा कधी एकाच्याच गळ्यात राहिली आहे का, दादा? गाव येईल."

"गाव दमलंय रे."

"तरी येईल."

"आणि नाही आलं तर?"

निंबा भावाच्या पाया पडला आणि पाय सोडेचना. डोक्यावर एक थंडगार हात आला.

"लहानपणापासूनच चिवट," सुभान म्हणाला आणि आडवा झाला. "जरा पांघरूण घाल."

निंबाने उपरणे पांघरले. ते हळूहळू दगडाला टेकले. त्याच्याखाली कोणी नव्हते.

मग शाप एकट्या निंबावर उतरला. पावले दगड झाली, मग पोटऱ्या, मग गुडघे. वीणेची तार छेडत तो वाटेकडे बघत राहिला. वाटेवर कोणी नव्हते.

तेवढ्यात धापा ऐकू आल्या. "मेला डोंगर! जन्मभर लोकांना वर धाडलं, स्वतः कधी चढले नाही," म्हणत आवडाक्का आली आणि सरळ त्याच्या पाया पडली.

"आक्का, तुम्ही वडील—"

"रीत आहे ना? मग गप उभा राहा."

तिने वीणा गळ्यात घेतली आणि मांत्रिकाची गाठ सुटली. जिवंत पहारेकऱ्याच्या बदली कोणी येऊ नये, एवढीच ती गाठ होती. निंबाच्या पायांचा दगड वितळला. खाली राज्यात आधी तान्ही मुले झोपली, मग गुरे, मग माणसे. राजा मात्र जांभया देत डोंगर चढला आणि म्हातारीच्या पाया पडला. "माझ्या आज्याचा शब्द होता," तो म्हणाला, "आता माझी पाळी." तेव्हापासून त्या राज्यात जो तो एक पहर उभा राहतो आणि बाकीचे झोपतात.

निंबा घाटावर आला. पिंड तसाच होता, कावळाही.

"आता?" निंबाने विचारले.

"आता," कावळा म्हणाला आणि शिवला.

निंबा तिथेच पायरीवर आडवा झाला. डोळे मिटत होते, तरी तो कुशीवर वळून पुन्हा पुन्हा कडेला सरकत राहिला, शेजारी भावाला पुरेल एवढी जागा ठेवून.