बिनमालकाचा माल

“…पण बुवा, फुकट आहे म्हणजे वाईटच असणार, हे लोकांच्या डोक्यातून काढायचं कसं?”

गजेंद्र सोळुंके विचारत होता. तालुक्याला त्याचं कॉम्प्युटरचं दुकान. शिकलेला माणूस, त्यामुळं एका जागी बसणं ठाऊक नाही. उठायचा, दारापर्यंत जायचा, परत यायचा.

मी म्हटलं, “बस की लेका. बुडाखाली मुंग्या आहेत का?”

बसला. पुन्हा उठला.

आमच्या मठाचे लहानुबुवा ऐकत होते.

गजेंद्राचं दुखणं असं. कॉम्प्युटर चालायचा तर आत एक प्रणाली घालावी लागते म्हणे. कंपनीची घेतली तर पैसे पडतात. दुसरी एक आहे, लिनक्स. ती देशोदेशीच्या लोकांनी थोडी थोडी करून उभी केलेली. कुणीही न्या, पैसा नाही. हा ती घालून विकतो, म्हणून याचा भाव इतरांपेक्षा कमी. आणि तिथंच घोडं अडलं. गावच्या हायस्कुलाला कॉम्प्युटर घ्यायचे होते. भाव ऐकला आणि संस्थेचे नानासाहेब मागं सरले.

“काय म्हणाले?” बुवांनी विचारलं.

“म्हणाले, एवढं स्वस्त म्हणजे खोट आहे. याला मालक कोण? बिघडलं तर मानगूट कुणाची धरायची?”

“चालवून पाहिलं त्यांनी?”

“हात लावायला तयार नाहीत! म्हणतात, कंपनीचीच घाल. चोरून घाल हवी तर, पण भाव चार लोकांसारखा लाव. पालकांना सांगायला बरं पडतं.”

“मग?”

“उद्या सकाळी बैठक आहे. हे काम गेलं की दुकानाला कुलूप, बुवा. कामावरची दोन माणसं घरी बसतील. तुम्ही एकदा हो म्हणा… चोरीची घालतो.”

माझं डोकं फिरलं. “चोरी करायला गुरूची सही लागते होय रे?”

त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

बुवा उठले. पाट मांडला. भिक्षेचं पातेलं पुढं ओढलं. आमच्या मठाची रीत अशी, की घरोघरचं जे झोळीत पडेल ते एकत्र कालवायचं. कुठल्या घरचं काय, ते ओळखू येता कामा नये. मग जेवायचं. भात, भाकरीचे तुकडे, पिठलं, शेपूची भाजी, सगळं एक.

बुवांनी ताट वाढलं.

“बस.”

“नको बुवा. मी स्टँडवर खाणावळीत जेवीन.”

वर्षभर येत होता, पण दर वेळी जेवणाआधी सटकायचा. आज सापडला.

“का रे?”

“तसं नाही… पण कुणाकुणाच्या घरचं… कुणी कसं केलेलं…”

तिथंच त्याची जीभ अडकली.

बुवा हसले नाहीत. मी हसलो.

खिशात त्याचा फोन वाजला. नानासाहेबांचा. त्यानं तो बंद केला आणि पाटावर बसला. पहिला घास काढ्यासारखा गिळला. दुसरा चावला. मग बराच वेळ मान वर केली नाही.

“ही शेपू कुणाकडची?”

“ठाऊक नाही,” बुवा म्हणाले.

“…अजून आहे?”

बुवांनी वाढली.

हात धुऊन आला, आणि पुन्हा त्याचं सुरू. उंबऱ्यात एक पाय आत, एक बाहेर.

“पण बुवा, उद्या त्यांना सांगू काय?”

बुवा पातेलं घासायला बसले होते.

“मी तुला कुठं काय सांगितलं?… बसव त्यांना पाटावर.”