ठकूचं कुंपण

चांदेमाळात पाहुणा आला की हिंदुरावतात्या त्याला आधी चहा विचारत नाहीत, कुंपण दाखवतात. माणदेशाच्या उघड्या पठारावरचं हे दीडशे उंबऱ्यांचं गाव; पण इथे तारेचं एक वेटोळं दिसणार नाही, की सिमेंटचा खांब. प्रत्येक घराभोवती, गोठ्याभोवती, परसातल्या कोंबड्यांच्या खुराड्याभोवतीसुद्धा शेराची हिरवीगार भिंत आहे. शेर म्हणजे पानं नसलेलं, नुसत्या बोटभर जाडीच्या हिरव्या काड्यांचं झाड. काडी मोडली की पांढरा चीक येतो. जनावर त्याला तोंड लावत नाही आणि दुष्काळ पडला तरी ते वाळत नाही. "जाळी मारायला किती खर्च येतो हे तुम्ही शहरातले आम्हाला सांगता," तात्या म्हणतात, "आमच्या ठकूनं काय दिलं ते आधी ऐका."

ही ठकू धनगराची सून. तिचा नवरा बिरू दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली कोकणाच्या अंगाला जायचा आणि पावसाच्या तोंडाला परतायचा. ज्या सालची ही गोष्ट, त्या साली पहिल्यांदाच त्यांनी एका जागी घर मांडलं होतं. गावाने शिवेलगतचा गायरानाचा एक तुकडा दिला, त्यावर ठकू, तिची म्हातारी सासू, एक गाय, वासरू आणि नऊ शेळ्या अशी सगळी राहू लागली. पिढ्यान् पिढ्या पाठीवर घर घेऊन फिरलेल्या माणसांना स्वतःचा उंबरा म्हणजे काय वाटत असेल, ते आपल्याला कळायचं नाही. ठकू रोज सकाळी उंबरा सारवायची आणि सारवून झाल्यावर उगाचच त्याच्याकडे बघत बसायची म्हणे.

पौषात तिच्या शेळ्या गोदाजी पाटलांच्या शाळूत घुसल्या. एकदा नव्हे, तीनदा. चावडीवर पंच बसले आणि पाटलांनी सांगितलं, पोळ्यापर्यंत घराभोवती पक्कं कुंपण झालं पाहिजे. नाही झालं तर बिऱ्हाड उचलायचं. पाटील माणूस दुष्ट नव्हता, असं तात्या मुद्दाम सांगतात. त्याचं पीक गेलं होतं आणि नियम सगळ्यांना सारखाच होता.

आता कुंपण घालायचं कशाचं? दगडाची ताल, म्हणजे कोरडी भिंत, रचायची तर वडार हवेत, गाडी हवी, बैल हवेत. ठकूकडे दोन हात होते. तिने बांधाबांधावरून बाभळीच्या काट्या ओढून आणल्या. महिन्याभरात वाळवीने त्यांचा भुगा केला आणि माघातल्या वाऱ्याने उरलेलं माळभर उधळून दिलं. मग तिला वाटलं, जिवंत कुंपण करावं. तिने शेवरीची रोपं लावली. विहिरीवरून घागरी वाहून ती जगवली. रोपं गुडघ्याएवढी झाली, हिरवा पडदा दिसायला लागला. ठकूने शेजारणींना बोलावून दाखवला. आणि आठव्या दिवशी तिच्याच शेळ्यांनी आतल्या बाजूने सुरुवात करून संध्याकाळपर्यंत सगळं कुंपण फस्त केलं. धनगराच्या पोरीला शेळीला शेवरी आवडते हे ठाऊक नसेल? होतं की. पण माणूस घाईला आला की डोक्यातलं ठाऊक असलेलं आधी सुटतं. गाव महिनाभर हसलं. ठकूनं शेळ्यांना ताट वाढलं, असं पाणवठ्यावर बायका म्हणायच्या.

त्या हसण्याने ठकू पेटली. बिरोबाच्या देवळात जाऊन तिने भंडारा उचलला आणि आण घेतली, की कुंपण उभं राहीपर्यंत मी घरात पाठ टेकणार नाही. असे सांगतात, की तिथून ती उठली ती थेट शेळ्यांमागे डोंगराला गेली, आणि त्या दिवशी तिने शेळ्या राखल्या नाहीत, नुसत्या निरखल्या. शेळ्यांनी बोर खाल्ली, हिवर खाल्लं, बाभळीच्या शेंगा खाल्ल्या, काटेरी घाणेरीसुद्धा चाटून बघितली. एका झुडपाला मात्र नऊतल्या एकीनेही तोंड लावलं नाही. तो शेर होता.

शेर सगळ्यांना माहीत होता. पण त्याचा चीक डोळ्यांत गेला तर दृष्टी जाते, म्हणून कुणी त्याच्या वाटेला जात नसे. ठकू गेली. वैशाखाच्या उन्हात वीस दिवस ती कड्यावरून शेराच्या कमरेएवढ्या फांद्या कापत होती आणि डोक्यावरून भारे आणत होती. मदतीला कुणी आलं नाही, कुणाला बोलवावं असं तिलाही वाटलं नाही. तेराव्या दिवशी वारा फिरला आणि चिकाची चिळकांडी थेट डोळ्यात गेली. सासूने गाईच्या दुधाने डोळा धुतला, लोण्याची पट्टी बांधली. आठवड्याने पट्टी सोडली तेव्हा उजव्या डोळ्यापुढे नुसता धूर होता, तो मरेपर्यंत गेला नाही.

"ठके, एक गेला," म्हातारी रडत म्हणाली. "ऱ्हाऊ दे ती फांदी. दुसरा तरी ठेव."

"आत्ती, एका डोळ्यानं गाठ मारता येती," ठकू म्हणाली. "घर गेल्यावर दोन डोळ्यांनी काय बघू?"

पट्टी होती तरी ती एक दिवस थांबली नव्हती. वीतभर अंतराने फांद्या रोवल्या; एक उजवीकडे कलती, पुढची डावीकडे कलती, आणि जिथे एकमेकींवर आल्या तिथे अंबाडीच्या वाखाने गाठ. ज्येष्ठात पाऊस लागला आणि गाठीगाठीतून फुटवे आले. बिरू मेंढरं घेऊन परतला, तो कुंपण बघून हरखला. मग ठकू समोर आली. त्याने हातातली काठी खाली टाकली आणि मेंढरं सोडून तो तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.

पोळ्याला पंच आले. कमरेएवढं कुंपण बघून कुणीतरी म्हणालं, हे टिकायचं नाही. पाटलांनी वाद घातला नाही. त्यांनी आपल्या चाळीस शेळ्या सकाळपासून उपाशी ठेवल्या होत्या. आत हिरव्या मक्याची पेंढी टाकायला लावली आणि कळप सोडला. शेळ्या धावत आल्या, कुंपणाला नाकं लावली, शिंकल्या आणि मागे फिरल्या. एका बोकडाने शिंगांनी धडक दिली. गाठी ताणल्या, सुटल्या नाहीत. तोंडाला चीक लागताच तोही फुरफुरत पळाला. पाटलांनी कुंपणाला हात जोडले आणि घर ठकूचं झालं.

पण खरी गोष्ट पुढच्या वैशाखातली आहे. पाटलांच्या मळ्याचं काटेरी कुंपण वणव्यात जळालं आणि ते स्वतः ठकूच्या दारात फांद्या मागायला आले. ठकूने कोयता घेतला आणि मान एका बाजूला कलती करून, उरलेल्या डोळ्याने अंदाज घेत ती फांद्या कापू लागली. पाटील बघत उभे होते. वर्षापूर्वी बाई एकटी कड्यावर होती तेव्हा गाव सावलीला बसून हसत होतं, हे त्यांना तेव्हा कळलं असावं. त्यांनी पुढे होऊन तिच्या हातातला कोयता काढून घेतला.

"अक्का, तू सर बाजूला," ते म्हणाले. "हे काम आमचं हुतं. आम्ही केलं न्हाई."

त्यांनी फांद्या कापल्या आणि दुसऱ्या दिवशी चावडीवर गावाला शब्द दिला, की यापुढे नव्या घराचं कुंपण हे गावाचं काम.

आजही चांदेमाळात नवं बिऱ्हाड आलं, मग ते कुठल्या का जातीचं असेना, की त्या घरातलं कुणी शेराला कोयता लावत नाही. पहिली फांदी पाटलाच्या घरचा माणूस कापतो आणि मग दर घरातून एकेक फांदी येते. गेल्या वैशाखात मराठवाड्यातून ऊसतोडीचं काम सोडून एक जोडपं इथे दोन म्हशी घेऊन राहायला आलं. दीडशे फांद्या घेऊन गाव दारात उभं राहिलं, तेव्हा त्या बाईला वाटलं, आपल्याला हुसकायला आलेत. ती हात जोडून गयावया करायला लागली. तात्यांच्या सुनेने तिला धरून सावलीत बसवलं आणि तिच्या दोन्ही डोळ्यांवर आपला पदर धरला, फांद्या रोवून होईपर्यंत.